रुमाल एकोणसाठ

तांबडा रुमाल सोडला, आधी वाळवी झटकली,
मग शिंक आली, मग दिसलं विसाजीपंतांचं अक्षर.
मोडी अशी की माणसाने हात उचललाच नाही,
ओळ मोडली तिथे बहुधा दिव्यातलं तेल संपलं असेल.
आडनाव माझंच. नातं लावायला मी घाई केली नाही.

लष्करात, दौलतगंजामागे, दुसऱ्या मजल्यावर
पगार नाही, मानधन आहे. कूलर आहे, पाणी नाही.
कागदांची मी चार खाती करतो :
महसूल, जकात, धर्मादाय, किरकोळ.

भाची विनित्सियाहून परत आली त्या वर्षी
डॉक्टरकी अर्ध्यात टाकून, पाठीवरच्या एका पिशवीनिशी.
झोप यायची नाही तिला. गच्चीत, किल्ल्याकडे तोंड करून
ती उमान गावाची गोष्ट सांगत बसायची.
ताजं सांगवत नव्हतं,
अडीचशे वर्षांपूर्वीचं कसंबसं सांगता येत होतं.

जमीन पोलिश सरदारांची. सरदार दूर वॉर्सात.
गावं मक्त्याने दिलेली, मक्तेदार बरेचदा यहुदी;
वसुलीची वही त्याच्याकडे, दारूचा गुत्ता त्याच्याकडे,
आणि म्हणे चर्चच्या किल्ल्यासुद्धा.
''म्हणे,'' ती पुन्हा म्हणाली.
''निम्मी माणसं या 'म्हणे'नेच मारली, मामा.''

मग म्हणे मठातून सुऱ्या मंत्रून आल्या, गाड्या भरभरून.
मग हैदामाक आले. शब्द तुर्की :
हाकणारे, हाकलणारे, लुटणारे.
''आपण काय म्हणतो अशांना?''
मी म्हटलं, कागदात आपण पुंड लिहितो.
इथे चंबळेकाठी डाकूसुद्धा कुणी म्हणत नाही.
बागी म्हणतात. म्हणताना आवाज जरा खाली घेतात.

सरदाराच्या पगारी कोसॅकांनीच पाठ फिरवली, वेस उघडली.
आत कुलीन होते, शिंपी होते,
खालचं पोट धरून बसलेल्या बाया होत्या.
''विहीर भरली,'' ती म्हणाली.
क्षणभर मला वाटलं, पाण्याने.

आणि ज्या राणीची सनद आपल्याकडे आहे असं त्यांना वाटत होतं
तिच्याच कर्नलने त्यांना जेवायला बोलावलं.
ताटावरून उठले ते बांधलेल्या हातांनी.

''आणि आपण?'' मी विचारलं. ''त्या गोष्टीत आपण कोण असतो गं?''
तिने माझ्या बोटांकडे पाहिलं, शाईच्या डागांकडे,
आणि विषय बदलला. पन्ह्यात वेलची कमी पडली होती.

तर रुमाल एकोणसाठ. मौजे बिजरौनी.
पहिला कागद : ‘रयत नादार म्हणते, परंतु पेवें भरलीं आहेत.
लोक रात्रौ एकत्र बसतात. पेवाच्या किल्ल्या मजपाशींच ठेविल्या आहेत.’
सही विसाजीपंतांची. अक्षर नेहमीसारखं देखणं.
समासात दुसऱ्या शाईने, घाईत, आणखी एक शब्द,
तो मला आजपर्यंत लागलेला नाही.

दुसरा कागद अकरा दिवसांनी, हात परका :
‘मौजे मजकुरीं कारकुनाची जागा रिकामी जाहली.
नवा असामी पाठवावा. सोबत स्वार पन्नास.’

तिसरा कागद नाही.
स्वार पोचले की नाही, पोचून त्यांनी काय केलं,
पेवात शेवटी धान्य निघालं की आणखी काही,
ते लिहायला बसावं असं कुणाला वाटलं नाही.
मी रुमाल दोनदा झटकला. वाळवीच पडली.

चार वाजता रामहेत चहा घेऊन वर येतो.
बिजरौनीचाच. दर मंगळवारी विचारतो,
''बाबूजी, हमाए गाँव कौ कछू निकरो का?''

पेला गरम होता. मी तो कागदापासून लांब ठेवला.
म्हटलं, ''निकला है. लगान का हिसाब है.''
''हओ,'' तो म्हणाला, ''वो तो निकरेगोई.''
आणि कालचे पैसे मागायला विसरला,
किंवा विसरला नसेल,
जिन्यात जरा वेळ थांबला होता.

खात्याचा रकाना अजून कोरा आहे.